मुंबईच्या उकाड्यात घरातला कुत्रा: गारवा आणि विरंगुळा

मुंबईत मे महिन्यात पारा बहुतेक ३४-३५ च्या आसपास असतो, तरी घरातला कुत्रा दुपारभर जीभ लोंबवून धापा टाकत पडलेला दिसतो. याचं कारण हवेतला दमटपणा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. जिभेवरच्या आणि घशातल्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होतं. हवेतच पाणी भरलेलं असलं की वाफ नीट होत नाही. मग तो आणखी जोरात धापतो, छातीचे स्नायू आणखी राबतात आणि त्यांचीच उष्णता अंगात भर घालते. ऑक्टोबर हीटमध्येही हेच होतं.

म्हणून विदर्भात चालणारे वाळ्याचे पडदे आणि डेझर्ट कूलर इथे उपयोगाचे नाहीत. बंद खोलीत कूलर लावला तर हवा आणखी दमट होते आणि कुत्र्याची धाप वाढते. इथे तीन गोष्टी सांभाळायच्या: हवा कोरडी आणि खेळती, पोटाखालची जमीन गार, आणि धाप न लागणारे खेळ.

खोली, लादी, पाणी

एसी असेल तर २६ वर पुरे. 'ड्राय' मोड असला तर तोच लावा, कारण कुत्र्याला खरा आराम हवेतलं पाणी कमी झाल्याने पडतो. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी एप्रिल-मे महिन्यांत हा खर्च टाळू नये. त्यांची श्वासनलिका आणि नाकपुड्या मुळातच अरुंद असतात, धापून गार होणं त्यांना नीट जमत नाही.

एसी नसेल तर पश्चिमेची खिडकी दुपारी बाराच्या आधी झाका. आतला पडदा काच तापल्यावर उष्णता अडवतो, बाहेरून सोडलेली बांबूची चिक काच तापूच देत नाही, त्यामुळे फरक बराच पडतो. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू ठेवून समोरच्या बाजूची सावलीतली खिडकी उघडली की हवा घरातून ओढली जाते. सगळ्यात वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि छताचा पंखा तीच हवा खाली ढकलतो. तिथे जमिनीवर ठेवायचा टेबल फॅन बरा. बाल्कनीत मात्र कुत्र्याला दुपारी एकटं ठेवू नका, सरकत्या काचांची बंद बाल्कनी तर भट्टीच होते.

कोरड्या कुत्र्यावर पंखा सोडून फारसं काही होत नाही, कारण अंगावर उडून जायला घाम नसतो. आधी पंजे, पोट आणि मांड्यांची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसा, मग पंखा लावा. इथे केस विरळ असतात, पाणी कातडीपर्यंत पोचतं. पाठीवर ओला टॉवेल टाकून ठेवणं मात्र चुकीचं. पाच-दहा मिनिटांत तो अंगाच्या उबेने कोमट होतो आणि गोधडीसारखी वाफ कोंडतो. पुसून झाल्यावर बोटांमधल्या फटी आणि कानांच्या घड्या कोरड्या करा, मुंबईच्या हवेत तिथे बुरशी धरायला वेळ लागत नाही.

कडप्पा, मार्बल, जुन्या चाळीतली मोझॅक लादी, यांतलं जे असेल तिथली गादी आणि सतरंजी उचलून ठेवा. कुत्रा बाथरूमच्या दारात जाऊन पडत असेल तर पडू द्या, त्याला कळतं. एक जागा तासाभरात गरम होते, म्हणून त्याला सरकायला मोकळी लादी हवी. म्हाताऱ्या किंवा जड कुत्र्याच्या कोपरांना घट्टे पडत असतील तर पातळ चटई पुरते.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी दोनला नळातून हात भाजेल इतकं तापून येतं. गार करायला तेच वापरलं तर उलटा परिणाम होतो. सकाळी पाणी येतं तेव्हाच एक बादली भरून, झाकण लावून बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवा. घमेल्यात यातलं पाणी पंजे बुडतील इतकं, म्हणजे ५-७ सेंटिमीटर घातलं की बरेच कुत्रे स्वतःहून त्यात उभे राहतात. संध्याकाळी घमेलं रिकामं करून उपडं ठेवा, साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

पिण्यासाठी कोरडं खाणं खाणाऱ्या कुत्र्याला किलोमागे रोज साधारण ५०-६० मिलिलिटर पाणी लागतं, उकाड्यात त्याहून जास्त. म्हणजे २८ किलोच्या लॅब्राडोरला दीड लिटर तरी हवंच. दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवा. जाड मातीचं भांडं कलंडत नाही आणि उन्हाच्या कवडशात स्टीलसारखं तापत नाही.

लॅब, जर्मन शेफर्ड, हस्की यांचे केस उन्हाळ्यात भादरून टाकू नका. वरचा थर ऊन अडवतो. काढायची ती आतली मऊ लव, रोज दहा मिनिटं कंगव्याने. त्याच वेळी कान आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत का तेही पाहून होतं.

दुपार घालवायची कशी

घरात बसून कंटाळलेला कुत्रा चपला फाडतो, दारावर ओरखडे काढतो. पण त्यावर उपाय म्हणून भर दुपारी पॅसेजमध्ये चेंडू फेकणं म्हणजे घरातल्या घरात त्याला तापवणं. त्याला नाकाने आणि जिभेने काम करायला लावा. पंधरा मिनिटं वास घेत शोधल्यावर कुत्रा फेरी मारून आल्यासारखा शांत होतो.

यासाठी विकतचं काही लागत नाही, इडलीपात्राची ताटली घ्या. साध्या दह्याचा तासभर टांगून चक्का करा. नुसतं दही घातलं तर ताटलीच्या भोकांतून गळतं. चक्क्यात तितकाच शिजवून कुस्करलेला लाल भोपळा मिसळा. साखर, मीठ काही नको. प्रत्येक खळीत दोन चहाचे चमचे मिश्रण घेऊन काठापर्यंत पातळ पसरा, थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. वरून काट्याने रेघा ओढा आणि दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. जाड भरलं तर त्याची चकती सुटते आणि कुत्रा ती एका घासात गिळतो, मग वीस मिनिटांचं चाटणं वीस सेकंदांत संपतं. फ्रीझरमधून काढल्यावर तीन-चार मिनिटं थांबा, गोठलेल्या स्टीलला ओली जीभ चिकटते. ताटलीची कड धारदार नाही ना, तेही बोट फिरवून पाहा. खालून ओलं फडकं घातलं की ती घरभर सरकत नाही. दही न पचणाऱ्या कुत्र्यासाठी चिकन उकडलेलं पाणी आणि भोपळा चालेल, पण त्यात कांदा-लसूण अजिबात नको, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेला कोणताही शुगर-फ्री पदार्थही नको. आंब्याचा गर थोडा चालतो. कोय मात्र हाताशी ठेवू नका, ती आतड्यात अडकली तर ऑपरेशन करावं लागतं.

बर्फाचे मोठे खडे चावायला देऊ नका. जोरात चावणाऱ्या कुत्र्याच्या मागच्या दाताचा टवका उडतो.

जुनं बिडाचं आप्पेपात्र असेल तर त्याचाही छान उपयोग होतो. सात खळ्यांत रोजच्या खाण्यातले दाणे टाका आणि प्रत्येकीवर एक टेनिस बॉल ठेवा. पात्र जड असल्याने उलटत नाही, कुत्र्याला एकेक चेंडू नाकाने ढकलावा लागतो. पहिल्या दिवशी दोनच खळ्या झाका, नाहीतर तो वैतागून सोडून देतो. नॉनस्टिक पात्र नको, नखांनी लेप निघतो.

शोधाशोध आणखी सोपी. खाण्याचे दहा तुकडे घ्या. आधी त्याच्यादेखत तीन ठेवा: टेबलाच्या पायाशी, चपलांच्या रॅकपाशी, पडद्यामागे. जमलं की त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून लपवा. पुढे जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत, मग चुरगळलेल्या वर्तमानपत्रांनी भरलेल्या खोक्यात. यात एक खूण लक्षात ठेवा: वास घेताना कुत्र्याचं तोंड मिटलेलं असतं, आणि धापा टाकत असताना त्याला नीट वास घेता येत नाही. तोंड उघडं पडून जीभ बाहेर आली की खेळ थांबवा, त्याला लादीवर पडू द्या.

हे सगळं खाणं रोजच्या वाट्यातूनच काढा, नाहीतर पावसाळ्यापर्यंत वजन वाढलेलं असतं, आणि जाड कुत्र्याला उकाडा जास्त बाधतो. खेळ सकाळी दहा आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास, दहा-पंधरा मिनिटं. बारा ते चार त्याला झोपू द्या. कुत्रा एरवीही निम्मा दिवस झोपतो, प्रत्येक तास भरून काढायची गरज नाही.

फेरी सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. निघण्यापूर्वी तळहाताची मागची बाजू सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही. डांबर सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं. जेवणही याच थंड वेळांना द्या. दुपारी भूक कमी होणं साहजिक आहे, पाणीही सोडलं तर मात्र व्हेटला फोन करा.

धाप थांबत नसेल तर

झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला ३० च्या आत असतो. गार लादीवर पंधरा मिनिटं पडूनही धाप उतरत नसेल, जीभ टोकाशी रुंद होऊन गडद लाल दिसत असेल, लाळ चिकट झाली असेल, चालताना तोल जात असेल किंवा उलटी झाली असेल, तर तो उष्माघात समजा. घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. टोकाला पेट्रोलियम जेली लावून गुदद्वारात दोन सेंटिमीटर सरकवा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ही नेहमीची पातळी, १०४ च्या वर धोका.

आधी गार करा, मग निघा. झाकून ठेवलेल्या बादलीतलं पाणी पोट, जांघा, मान आणि पंजांवर ओता, केसांच्या आतपर्यंत चोळा आणि पंखा पूर्ण सोडा. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. शुद्धीत असेल तर भांडं समोर ठेवा, तो पिईल. ताप १०३ पर्यंत उतरला की पाणी थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा थंड पडतं. थर्मामीटर नसेल तर दहा मिनिटं भिजवा आणि निघा. रिक्षात ओल्या अंगाला लागणारा वारा त्याला गारच करतो, टॉवेलमध्ये गुंडाळू नका.

कुठे जायचं हे आजच ठरवून फोन नंबर फ्रीजवर लावा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण मुलुंड किंवा बोरिवलीहून ट्रॅफिकमध्ये तिथे पोचेपर्यंत उशीर होईल. घरापासून पंधरा-वीस मिनिटांवरचा, रात्री उघडा असणारा दवाखाना शोधा. आणि कुत्रा वाटेत उठून शेपूट हलवायला लागला तरी परत फिरू नका. किडनीचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उघड होऊ शकतं, म्हणून रक्त तपासून घ्या.