अनोळखी फुलपाखरू ओळखताना या चुका टाळा

बागेत नवे फुलपाखरू दिसले की बहुतेक जण पंखांचा वरचा रंग तेवढा डोळ्यांत भरून घेतात, मोबाइलवर घाईघाईने एक फोटो काढतात आणि लगेच नाव जाहीर करून मोकळे होतात. रंगावर इतका भरवसा ठेवणे किती महागात पडते, हे पाहायला घरच्या कढीपत्त्यावर येणारे कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू पुरेसे आहे.

याचा नर काळा असून मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. माद्या मात्र वेगवेगळ्या रूपांत आढळतात: काही नरासारख्या, काही ‘कॉमन रोज’ या दुसऱ्या फुलपाखरासारख्या, तर काही ‘क्रिमझन रोज’ या तिसऱ्या फुलपाखरासारख्या. या दोन्ही ‘रोज’ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढताना तिच्यातली विषारी द्रव्ये अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनची मादी विषारी नसली तरी या सोंगावर तिचे निभावते. हे सोंग पंखांपुरतेच असते. खऱ्या ‘रोज’ फुलपाखराच्या अंगावर ठसठशीत लाल रंग असतो, मॉरमॉनचे अंग काळे असते. म्हणून मी आधी अंग बघतो आणि मग पंख.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी कॉमन रोजला कढीपत्त्यावर अंडी घालताना पाहिले आणि नवा शोध लागल्याच्या थाटात ते सर्वांना कळवले. अंगाचा रंग कोणता होता, असे विचारल्यावर ‘ॲपने सांगितले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी कोवळ्या पानावरचे ते फिकट पिवळे, मोहरीएवढे अंडे त्यांनाच सांभाळायला सांगितले. त्यातून निघालेली अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत होती, पुढे हिरवी झाली आणि डिवचले की डोक्यामागून दुभंगलेले तांबूस शिंग बाहेर काढून उग्र वास सोडू लागली. कॉमन रोजची अळी काळपट तांबडी आणि मांसल काट्यांची असते, तेव्हा वाद तिथेच मिटायला हवा होता. पुढे कोषातून मॉरमॉनचा साधा काळा नर बाहेर पडला, तेव्हा कोणीतरी अळी बदलली असावी, असा संशय गृहस्थांनी व्यक्त केला. फुलपाखरू कोणत्या झाडावर अंडी घालते, हे लिहून ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी निदान ॲपचा दाखला तरी देऊ नये.

पंख मिटण्याची वाट न पाहणे ही दुसरी चूक, आणि ती निव्वळ उतावळेपणातून होते. हिरवळीवर अगदी जमिनीलगत उडणारी छोटी ग्रास ब्लू फुलपाखरे वरून सारखीच निळी दिसतात. त्यांच्या जाती वेगळ्या करायच्या तर मिटलेल्या पंखांवरच्या ठिपक्यांची मांडणी पाहावी लागते. पिवळ्या ग्रास यलोंचेही तेच आहे. एका गुडघ्यावर बसून थोडे थांबण्याची तयारी नसेल, तर या दोन गटांच्या नादी लागू नये.

ऋतू विसरू नका. कॉमन ईव्हनिंग ब्राउनच्या मिटलेल्या पंखांवर पावसाळ्यात डोळ्यांसारखी वर्तुळे स्पष्ट दिसतात, तर कोरड्या दिवसांत तीच जात वाळक्या पानासारखी होते आणि हौशी मंडळी त्यांची खुशाल दोन नावे लिहितात.

नारिंगी पंखांवर काळ्या रेषा दिसल्या की ॲप कधीकधी अमेरिकेतले मोनार्क सुचवते. आपल्या बागेत तो स्ट्राइप्ड टायगर असतो. पंख पसरून बसला म्हणजे पतंगच, हेही खरे नाही. फुलपाखराच्या मिशांची टोके फुगीर असतात, ती पाहावीत. हाताने पकडून तर मुळीच पाहू नये, कारण खवले झडले की ज्या खुणा पाहायच्या, त्याच पुसल्या जातात.

मी प्रत्येक फोटोसोबत महिना, झाड आणि अंगाचा रंग लिहितो, आणि तरीही नाव ठरत नसेल तर ‘ग्रास ब्लू, जात ठरलेली नाही’ एवढीच नोंद करून पुढच्या फुलपाखराकडे वळतो.