एका सुट्टीत प्लास्टिकचे विमान: १:७२ प्रमाणातील साधे किट कमी वेळात कसे जोडावे

प्लास्टिकचे विमान जोडताना हातांना लागणारा वेळ थोडा असतो. खरा वेळ जातो तो वाळण्याची वाट पाहण्यात. साध्या किटमधील कापणे, घासणे, चिकटवणे आणि रंगवणे ही कामे एकत्र केली, तर चार-पाच तासांत उरकतात. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पेटी उघडून रविवारी रात्रीपर्यंत विमान पुरे करायचे असेल, तर भरभर हात चालवण्याऐवजी वाळण्याचे तास झोपेत, जेवणाच्या वेळेत आणि दुसऱ्या भागाच्या कामात कसे बसतील, याचा विचार पेटी उघडण्यापूर्वीच करावा.

अर्धा वेळ किटच्या निवडीतच वाचतो. पहिल्यांदा काम करणाऱ्याने १:७२ प्रमाणातील, पन्नासच्या आत सुटे भाग असलेले आणि शक्यतो एकाच रंगाचे विमान घ्यावे. या प्रमाणात खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच होतो. नॅट टी-१ या प्रशिक्षण विमानाच्या पंखांचा विस्तार २४ फूट असल्याने त्याचे मॉडेल बरोबर चार इंच रुंद होते, तर स्पिटफायरचे सहा इंचांहून किंचित अधिक. ही दोन्ही विमाने एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीच्या ‘स्टार्टर सेट’मध्ये मिळतात आणि त्यात रंगाच्या छोट्या डब्या, ब्रश व प्लास्टिक सिमेंट पेटीतच असते. स्पिटफायर देखणे खरे, पण त्याचे हिरवे-तपकिरी पट्टे हाताने नीट रंगवण्यात अख्खा रविवार जातो. म्हणून येथे ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’ या कसरतपथकाचे लाल नॅट डोळ्यांसमोर ठेवले आहे. या पथकाने १९६५ ते १९७९ या काळात हेच विमान वापरले. एक खुलासा मात्र आवश्यक आहे. १९७१ च्या युद्धात श्रीनगरच्या आकाशात लढलेले परमवीर चक्राचे मानकरी निर्मलजितसिंग सेखों यांचे नॅट मनात धरून पुष्कळ जण हे किट मागवतात. ते विमान एका आसनाचे होते आणि टी-१ हे दोन आसनांचे आहे, त्यामुळे केवळ भारतीय चिन्हे चिकटवून एकाचे दुसरे होत नाही.

सोलापुरात किट बहुधा बाहेरून मागवावे लागते, पण बाकीचे सामान नवी पेठेत एका फेरीत मिळते: स्टेशनरीच्या दुकानातून पेपर कटर, मास्किंग टेप आणि रबर बँड, हार्डवेअरच्या दुकानातून ८०० व १००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवूनही वापरता येणारा पॉलिश पेपर), आणि जोडीला एक बारीक टोकाचा चिमटा व टूथपिक. भाग तोडण्यासाठी सपाट तोंडाचा साइड कटर असल्यास उत्तम. नसेल तर नवा नेलकटर पुरतो. फेव्हिक्विक जवळ असू द्यावे, पण कॉकपिटवरील (वैमानिकाच्या जागेवरील) पारदर्शक काचेपासून ते दूर ठेवावे, कारण त्याच्या वाफेने काचेवर पांढरा धूसर थर चढतो आणि तो सहजी निघत नाही. काचेसाठी साधे पांढरे फेव्हिकॉलच वापरावे. ते वाळल्यावर दिसेनासे होते.

पुसण्याच्या कापडाबाबत सोलापूरकरांनी विशेष काळजी घ्यावी. प्रत्येक घरात टॉवेल विपुल असतात, पण टेरी टॉवेलचे तंतू ओल्या रंगाला चिकटले की चिमट्याने काढतानाही रंग उचलला जातो. अनेकदा धुतलेल्या सुती साडीचा तुकडा हे काम चांगले करतो. ज्यांचे घर यंत्रमागांच्या वस्तीत आहे, त्यांच्याकडे हवेतच कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात. अशा ठिकाणी रंगवलेला भाग लगेच प्लास्टिकच्या पालथ्या डब्याखाली ठेवावा.

शनिवारी संध्याकाळी सर्वप्रथम प्लास्टिकच्या चौकटी, ज्यांना जाणकार स्प्रू म्हणतात, कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून धुवाव्यात, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ राहिला असेल तर रंग धरत नाही. त्या निथळेपर्यंत सूचनापत्र शेवटपर्यंत वाचावे आणि चाके उघडी ठेवायची की मिटलेली, याचा निर्णय करावा. कमी वेळात काम करायचे असेल, तर किटमध्ये सोय असल्यास चाके मिटवून विमान तारेच्या स्टँडवर उभे करावे. पाय, दरवाजे आणि चाके यांचे किमान तासाभराचे किचकट काम त्यामुळे टळते. चाके उघडी ठेवायचीच असतील, तर नाकाच्या पोकळीत मासेमारीच्या शिशाचा तुकडा किंवा छोटा नट बसवण्यास विसरू नये. नॅटचे एक चाक पुढे आणि दोन मागे असल्याने वजनाशिवाय ते शेपटीवर बसते, आणि धड बंद झाल्यावर त्यावर काही उपाय उरत नाही.

आसने, वैमानिक आणि कॉकपिटचा तळ हे भाग स्प्रूवर असतानाच रंगवावेत. स्प्रू हाच पकडायचा दांडा होतो. ते वाळत असताना पंखांचे भाग तोडायला घ्यावेत. भाग कधीही कडेला लागून तोडू नये. प्रथम एक-दोन मिलिमीटर प्लास्टिक शिल्लक ठेवून दूर कापावे, मग उरलेला खुंट कटरने पातळ पापुद्र्यासारखा उतरवावा आणि शेवटी वॉटर पेपर फिरवावा. एकाच दाबात कडेजवळ तोडले, की प्लास्टिक पांढरे पडते आणि कधी भागाचाच टवका निघतो. कटरचे पाते अंगठ्याच्या दिशेने कधीही ओढू नये. लहान मुले काम करीत असतील तर हा टप्पा मोठ्यांनी करावा.

प्लास्टिक सिमेंट हा गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते. म्हणून रंग लागलेल्या कडेवर ते धरत नाही आणि जास्त लावल्यास बाहेरचे बारीक कोरीव काम वितळते. सिमेंट पातळ असेल, तर दोन्ही भाग कोरडेच एकमेकांवर नीट बसवून हाताने धरावेत आणि ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवावे. द्रव आपोआप फटीत ओढला जातो. मग हलकेच दाबल्यावर सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी बारीक रेघ वर येते. ती बोटाने पुसण्याचा मोह टाळावा. तीच रेघ फट भरून काढते आणि सकाळी घासल्यावर सांधा जवळजवळ नाहीसा होतो. पंख झाले की कॉकपिट व वजन आत बसवून धडाचे दोन भाग जोडावेत, ठिकठिकाणी टेपने आवळावेत आणि झोपावे. खिडकी उघडी असावी, जवळ उदबत्ती किंवा गॅस पेटलेला नसावा.

रविवारी सकाळी लवकर सांधे ओल्या वॉटर पेपरने घासून पंख व शेपटी जोडावी. नॅटचे पंख धडाच्या वरच्या बाजूला असतात आणि टोकांकडे किंचित खाली झुकतात. समोरून पाहून दोन्ही टोके टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत, याची खात्री करावी. येथे पाच मिनिटे अधिक गेली तरी चालतील, कारण रंग कितीही चांगला झाला तरी वाकडा पंख आधी दिसतो.

रंगाच्या बाबतीत सोलापूरचा उन्हाळा घाईला अनुकूल वाटतो, पण तसा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना दुपारी ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच घट्ट होतो आणि प्रत्येक फटकारा उमटून दिसतो. म्हणून पहिले हात सकाळी नऊच्या आत द्यावेत आणि पंखा बंद ठेवावा. पावसाळ्यात याउलट दोन हातांमधील अंतर दुप्पट करावे. लाल रंग झाकण्यात कमकुवत असतो, म्हणून त्याखाली पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात, असणे आवश्यक आहे. गाड्यांच्या दुकानातील स्प्रे प्रायमर काही वेळा प्लास्टिक खातो. रिकाम्या स्प्रूवर आधी पाहूनच तो वापरावा. त्यानंतर लाल रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने द्यावेत. एक जाड हात दिल्याने वेळ वाचत नाही, कारण तो कडांना साचतो आणि संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटतो.

जेवणानंतर चमकदार वार्निशचा एक हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. खरखरीत पृष्ठभागावर डीकाल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे) लावल्यास खाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. डीकालसाठी बोअरचे पाणी घेऊ नये. ते जड असल्याने वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठसे उमटतात. फिल्टरचे कोमट पाणी वाटीत घेऊन एका वेळी एकच चिन्ह कापून दहा-पंधरा सेकंद बुडवावे, बाहेर काढून कागदावर ठेवावे आणि ते आपणहून सरकू लागेपर्यंत थांबावे. मग विमानाच्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब सोडून त्यावर चिन्ह ओल्या ब्रशने सरकवावे व कापडाच्या टोकाने मधून कडेकडे पाणी टिपावे. लांब पट्टे सर्वांत आधी लावावेत, कारण ते फाटण्याची शक्यता जास्त असते आणि तेव्हा डोळे थकलेले नसतात.

काच सर्वांत शेवटी, टूथपिकने लावलेल्या फेव्हिकॉलच्या रेघेवर बसवावी आणि रात्रभर हलवू नये. पुरे झालेले विमान पश्चिमेच्या खिडकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. पातळ पंख वाकतात. रिकामे स्प्रू मात्र टाकून देऊ नयेत: पुढच्या किटचा रंग व प्रायमर तपासण्यास ते उपयोगी पडतात, आणि मेणबत्तीवर गरम करून ओढल्यास त्यांतून अँटेनासाठी केसासारखी तार निघते.