कळसूबाई चढायची तर: बारीतून माथ्यावर आणि उजेडात परत

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावातून जवळजवळ ९०० मीटरचा चढ अंगावर येतो. वाट मळलेली आहे, कड्याच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे दोर वगैरे लागत नाही. तरीही दर पावसाळ्यात इथे लोकांचे हाल होतात. बहुतेकदा कारण एकच असतं, ते उशिरा निघालेले असतात. म्हणून या लेखात मी वेळेबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

आधी महिना ठरवा

पहिल्यांदा जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, पायाखाली घसरत नाही, लांबवरचं दिसतं. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की उतारांवर सोनकी पिवळीधमक फुलते. माझा सर्वात आवडता काळ तोच. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर सुंदरच असतो, पण माथ्यावर बहुतेक वेळा धुक्याशिवाय काही दिसत नाही आणि शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांगा लागतात. पावसातच जायचं असेल तर मधल्या वारी जा. एप्रिल-मेमध्ये उन्हात चढणं टाळा. या वाटेवर सावली फार थोडी आहे.

बारीला पोहोचणं

मुंबईहून कसारा लोकलने कसाऱ्यापर्यंत आणि तिथून जीपने इगतपुरी-घोटीमार्गे बारी. गट असेल तर जीप आधी ठरवून ठेवा. घोटीहून भंडारदरा-राजूरकडे जाणारी एसटीही बारीवरून जाते. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर असा रस्ता आहे. शक्य असेल तर आदल्या रात्रीच गावात पोहोचा. बारीत घरगुती जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते, आणि दोन-चार तास पाठ टेकली तर सकाळचे पाय वेगळेच असतात. रात्रभर प्रवास करून थेट चढायला लागणारे लोक पहिल्याच शिडीपाशी बसलेले मी कितीदा पाहिलेत.

सॅकमध्ये काय

माणशी तीन लिटर पाणी. वाटेवर झोपड्यांमध्ये लिंबू सरबत, ताक, काकडी मिळते, पण आडवारी सगळ्या उघड्या असतीलच असं नाही. गूळ-शेंगदाणे, खजूर, चटणी-पोळीची गुंडाळी. चांगल्या पकडीचे बूट, आणि ते आधी चार दिवस वापरलेले. अंधारात निघणार असाल तर डोक्याला बांधायची विजेरी हवीच, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका. हिवाळ्यात वाऱ्याला अडवणारं जाकीट घ्या. माथ्यावर बारीपेक्षा पाच-सहा अंश तरी थंड असतं आणि वारा त्याहून बोचरा.

चढाई

सूर्योदय माथ्यावरून बघायचा असेल तर पहाटे तीनच्या सुमारास निघा. नाहीतर सकाळी सहाला. आठनंतर निघू नका.

गावातून ओढा ओलांडून शेतांच्या कडेने वाट वर जाते. खालच्या अंगालाच देवीचं एक मंदिर आहे. ज्यांना माथा गाठणं होत नाही ते इथेच दर्शन घेतात. पहिला तास मुद्दाम हळू चाला. शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा, धाप लागली की वेग कमी करा, पण सारखं बसू नका. बसलं की पोटऱ्या आखडतात.

पुढे शिड्यांचे टप्पे सुरू होतात. शिडी चढताना दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन नेहमी टेकलेले हवेत. पुढचा माणूस वर पोहोचेपर्यंत खाली थांबा. चालायच्या काठ्या असतील तर घडी करून सॅकमध्ये टाका. शिडीवर फोटोसाठी थांबू नका, कारण मागे कोणाचे तरी हात ताटकळत असतात. विजा चमकत असतील तर लोखंडाला हात न लावता खालीच थांबा, आणि शक्य असेल तर सरळ माघारी फिरा.

शेवटच्या शिडीआधी थोडी सपाटी आणि विहीर लागते. इथे दहा मिनिटं थांबून काहीतरी खा. साधारण चालीने बारीपासून माथ्यापर्यंत तीन ते चार तास लागतात.

माथा

वर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे. कथा सांगतात ती अशी: कळसू ही कोळ्यांची मुलगी, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर कामाला राहिली होती. एके दिवशी तिला ती कामं करायला लावली. तिने ती केली आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली, ती कायमचीच. नवरात्रात इथे यात्रा भरते. नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या बाया अनवाणी शिड्या चढताना दिसतात, तेव्हा हा डोंगर आपल्या आधी कोणाचा आहे ते कळतं. पादत्राणं लांब काढा, स्पीकर खालीच ठेवून या.

पश्चिमेला कुलंग, मदन, अलंग हे गड ओळीने उभे असतात. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड आणि हरिश्चंद्रगड. पूर्वेकडे पट्टा आणि बितनगड. एक लक्षात ठेवा, कळसूबाई हा किल्ला नाही. राज्यातला सर्वात उंच किल्ला साल्हेर. इथे गडांवर असतात तशा राहायच्या गुहा किंवा पाण्याची टाकी नाहीत, त्यामुळे वादळ-पाऊस आला तर आडोसा फारसा मिळत नाही. आभाळ भरून आलं तर देवीला नमस्कार करून लगेच उतरा.

उतरणं

अपघात उतरताना जास्त होतात, कारण पाय थकलेले असतात आणि लक्ष घरी पोहोचलेलं असतं. शिड्या तोंड शिडीकडे करूनच उतरा. मुरमाड घसाऱ्यावर लहान पावलं टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, काठ्या आता बाहेर काढा. पावसात दगडांवरचं शेवाळ दिसत नाही, म्हणून पाऊल टेकवून मगच वजन टाका. गटातला सर्वात हळू चालणारा पुढे, सर्वात अनुभवी शेवटी.

हा सगळा भाग अभयारण्यात येतो. सरबताचे रिकामे पेलेसुद्धा सॅकमध्ये घालून खाली आणा. वर कचरा उचलायला रोज कोणी येत नाही, आणि पहिल्या पावसात तो खालच्या ओढ्यात, गावाच्या पाण्यात येतो.

उतरायला अडीच-तीन तास धरा. सकाळी निघतानाच बारीत जेवण सांगून ठेवलंत तर परत येईपर्यंत पिठलं-भाकरी तयार असते.