औषध योग्य, पण वेळ आणि सोबत चुकीची: रोजच्या गोळ्यांबाबत या चुका टाळा

बीपी, शुगर, थायरॉईड, पित्त आणि गुडघेदुखी यांच्या गोळ्या कोल्हापुरातल्या असंख्य घरांत फ्रीजवरच्या एकाच डब्यात नांदत असतात. डॉक्टरांनी दिलेले औषध बरोबरच असते. मात्र ते कोणत्या वेळी, कोणत्या पदार्थाबरोबर आणि दुसऱ्या कोणत्या गोळीच्या सोबतीने पोटात जाते याकडे दुर्लक्ष झाले, की एक तर त्याचा उपयोग होत नाही किंवा त्याचाच त्रास होतो. या लेखात केवळ अशाच चुकांचा विचार केला आहे. तो वाचून चालू असलेली कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. शंका आल्यास चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे किंवा मेडिकलमधील फार्मासिस्टकडे जावे.

दुधाबरोबर गोळी घेणे

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला दूध टाळा असे सांगणे अवघड आहे आणि तसे सांगण्याची गरजही नाही. अडचण काही ठरावीक औषधांपुरतीच आहे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिले जाणारे सिप्रोफ्लोक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविके दुधातील कॅल्शियमला चिकटतात. त्यातून तयार होणारे संयुग आतड्यातून नीट शोषले जात नाही आणि रक्तात औषधाची पुरेशी मात्रा पोहोचत नाही. रुग्णाला वाटते की औषध लागू पडले नाही, मग अधिक तीव्र प्रतिजैविक मागितले जाते आणि मूळ चूक तशीच राहते. सिप्रोफ्लोक्सासिन दूध, दही, कॅल्शियम, लोह किंवा पित्ताचे पातळ औषध यांच्या दोन तास आधी अथवा सहा तास नंतर घ्यावे. अमॉक्सिसिलिनला मात्र दुधाची अडचण नसते, त्यामुळे सगळ्याच प्रतिजैविकांना हा नियम लावण्याचे कारण नाही.

डॉक्सिसायक्लिनबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचा महापूर अनुभवलेल्या या जिल्ह्यात पुराच्या पाण्यातून चालावे लागणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि अशा वेळी लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या प्रतिबंधासाठी डॉक्टर हे औषध देऊ शकतात. ही कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करू शकते. त्यामुळे ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास बसून किंवा उभे राहावे. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांसाठी ती स्वतःच्या मनाने वापरू नये.

थायरॉईडच्या गोळीचे वेळापत्रक याहून कडक आहे. लेव्होथायरॉक्सिन सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध किंवा नाश्ता घेऊ नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर घ्याव्यात. गोळीचा डोस बदलल्यावर आठवड्यातच रक्ताची तपासणी करून घेणे म्हणजे पैशांचा अपव्यय आहे. या औषधाची रक्तातील मात्रा निम्मी व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नव्या डोसचा खरा परिणाम टीएसएच या थायरॉईडच्या रक्ततपासणीच्या अहवालात सहा ते आठ आठवड्यांनी दिसतो.

बीपीच्या गोळीवर वेदनाशामक घेणे

माझ्या मते या सर्व चुकांपैकी सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत महागात पडू शकणारी चूक हीच आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक ही वेदनाशामके शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतात, म्हणून दुखणे कमी होते. परंतु हीच रसायने मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या मोकळ्या ठेवतात, विशेषतः शरीरातील पाणी कमी झालेले असते तेव्हा. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिन्या सैल करते, आणि लघवी वाढवणारे औषध शरीरातील पाणी व मीठ घटवते. ही तिन्ही औषधे एकाच वेळी चालू असली, की मूत्रपिंडातील गाळणीवरचा रक्ताचा दाब दोन्ही बाजूंनी उतरतो आणि काही दिवसांत रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण, वाढू शकते.

फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात उसाच्या फडात राबणारा किंवा गुऱ्हाळात चुलवाणासमोर तासन्तास उभा राहणारा माणूस घामाने आधीच कोरडा पडलेला असतो. अशा माणसाची बीपीची चिठ्ठी चालू असताना त्याने रोज रात्री अंगदुखीची गोळी घेतली, तर वर सांगितलेली सर्व कारणे एकाच शरीरात एकत्र येतात. शिवाय ही वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी साठवून रक्तदाब वाढवतात. आधी आटोक्यात असलेला बीपी अचानक वाढला, तर बीपीची गोळी वाढवण्यापूर्वी मागच्या पंधरवड्यात दुखण्यावर कोणती गोळी घेतली हे डॉक्टरांना सांगावे. उलट्या, जुलाब किंवा कडक ऊन यांमुळे शरीर कोरडे पडलेले असताना ही वेदनाशामके टाळावीत आणि बीपीच्या गोळ्यांचे काय करायचे हे फोनवरून का होईना, विचारून घ्यावे. लघवी कमी होणे किंवा चेहऱ्यावर सूज येणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पावसाळ्यातील तापाला आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनही नको. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि या औषधांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन आधीपासूनच सुरू केले असल्यास मात्र ते परस्पर न थांबवता त्यांनाच विचारावे.

तापासाठी पॅरासिटामॉल योग्य आहे, पण त्याचीही मर्यादा आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीने 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये; वृद्ध, कमी वजनाच्या आणि नियमित मद्यपान करणाऱ्या व्यक्तींसाठी ती डॉक्टर आणखी खाली ठेवतात. यकृतात पॅरासिटामॉलचा काही भाग एका विषारी द्रव्यात बदलतो आणि यकृतातलेच ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य ते निष्प्रभ करते. मात्रा वाढली, की ग्लुटाथायोन संपते आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच 3.9 ग्रॅम होतात. त्यावर सर्दीची गोळी घेतली, तर तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉलच असते. क्रोसिन, डोलो आणि कालपोल ही एकाच औषधाची तीन नावे आहेत, तर कॉम्बिफ्लाममध्ये ते आयब्युप्रोफेनसोबत असते.

उपवासाच्या दिवशी शुगरची नेहमीची गोळी घेणे

नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवसांचे उपवास करणाऱ्यांनी घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना भेटावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. दोन वेळचे जेवण टळले आणि गोळी मात्र घेतली गेली, तर शुगर 70 च्या खाली जाऊ शकते; घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची वा हृदयाची गोळी चालू असल्यास थरथर आणि धडधड झाकली जाते आणि घाम हीच काय ती खूण उरते. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासावी आणि त्यानंतर काहीतरी खायला द्यावे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे. ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ राहत असल्याने एकदा सावरलेली शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या रात्री वयस्क रुग्णाला एकटे सोडू नये.

एकटे मेटफॉर्मिन सहसा शुगर इतकी उतरवत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन या शुगरच्याच गोळीचा धोका वेगळा आहे: दीर्घ उपवासात त्यामुळे रक्तात आम्ल साठू शकते, आणि त्या वेळी शुगर फार वाढलेलीही नसते. उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास ही लक्षणे उपवासाची म्हणून अंगावर काढू नयेत.

पित्ताची गोळी मिसळ खाल्ल्यावर घेणे

पँटोप्राझोल जठरातील आम्ल तयार करणारे पंप बंद करते, आणि हे पंप जेवणाच्या वेळी सर्वाधिक सक्रिय होतात. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी हवी. जळजळ सुरू झाल्यावर तात्काळ आराम हवा असेल, तर त्यासाठी पातळ अँटासिड आहे. पित्ताची गोळी आणि मेटफॉर्मिन दोन्ही वर्षानुवर्षे चालू असल्यास बी-12 तपासून घ्यावे, कारण दोन्ही औषधांमुळे ते कमी होऊ शकते.

औषधाच्या परिणामाला नवा आजार समजणे

रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू केल्यावर काही जणांना कोरडा खोकला लागतो आणि तो खोकल्याच्या कोणत्याही बाटलीने थांबत नाही. गोळी बदलल्यावर तो बहुधा काही आठवड्यांत जातो. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते. ती वाहिन्या सैल झाल्यामुळे असते, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही आणि औषधांच्या डब्यात विनाकारण आणखी एक पट्टी वाढते. मेटफॉर्मिनच्या एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, प्रकारच्या गोळीचे रिकामे कवच कधीकधी शौचात दिसते. औषध त्यातून केव्हाच बाहेर पडलेले असते. अशी गोळी फोडून किंवा कुटून मात्र कधीच घेऊ नये, कारण दिवसभर हळूहळू सुटायचे औषध एकदम रक्तात येते.

दोन नावांनी एकच औषध घेणे

सीपीआर रुग्णालयातून किंवा जनऔषधी केंद्रातून घेतलेल्या पाकिटावर औषधाचे मूळ नाव ठळक असते आणि खासगी चिठ्ठीवर बहुधा कंपनीचे नाव असते. घरात दोन्ही पट्ट्या असल्या, तर टेल्मिसार्टन दोनदा घेतले जाणे सहज शक्य आहे. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत असलेले मूळ नाव आणि मिलिग्रॅम एका कागदावर उतरवून तो कागद प्रत्येक डॉक्टरला दाखवावा. आयुर्वेदिक पुड्याही त्याच यादीत लिहाव्यात. सांधेदुखीच्या निनावी पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर तिच्यात स्टिरॉइड असल्याची शंका घ्यायला जागा आहे, आणि असे औषध दीर्घकाळ घेतल्यावर एकदम थांबवणेही धोक्याचे ठरते.

चुकलेला डोस दुप्पट करून भरून काढणे

रोज एकदा घ्यायची गोळी विसरल्यास, त्याच दिवशी आठवली तर बहुतेक वेळा लगेच घ्यावी. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेला डोस सोडून द्यावा आणि दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्यास अस्थिमज्जेवर जीवघेणा परिणाम होऊ शकतो. त्याचा वार ठरवून तो पट्टीवर पेनने लिहावा आणि ती पट्टी रोजच्या डब्यात न ठेवता वेगळी ठेवावी. ते रोज घेतले गेल्याचे लक्षात आल्यास, किंवा घेत असताना तोंडात फोड आले वा ताप आला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.