डीडी फ्री डिशसाठी घरच्या घरी टीव्ही रेकॉर्डर

सह्याद्रीवरचा आवडता कार्यक्रम नेमका आपण घरी नसताना लागतो. छतावर फ्री डिशची छत्री असेल, तर रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर तो रेकॉर्ड करून ठेवता येतो. साध्या फ्री-टू-एअर बॉक्सवर जे दिसतं, तेवढंच मिळेल. खासगी डीटीएचचे चॅनेल एन्क्रिप्ट केलेले असतात, त्यांच्यासाठी ही कृती नाही.

पायसोबत ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर, मेमरी कार्ड, हार्ड डिस्क आणि यूएसबीवर चालणारा डीव्हीबी-एस२ ट्यूनर, म्हणजे उपग्रहाचा टीव्ही सिग्नल घेणारं उपकरण, लागतो. ट्यूनर लिनक्सवर चालतो याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका. छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज तोच पुरवतो, म्हणून स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला घ्या.

बहुतेकांचं काम अडतं ते वायरीपाशी. बॉक्सची वायर स्प्लिटरने फोडून ट्यूनरला देऊ नका. एलएनबी १३ व्होल्टवर उभ्या ध्रुवीकरणाचे सिग्नल घेतो, १८ व्होल्टवर आडव्या. बॉक्सने एक मागितलं आणि ट्यूनरने दुसरं, की एकाचं चित्र गेलंच. दोन आउटपुटचा ट्विन एलएनबी बसवून स्वतंत्र वायर ओढा.

मग मेमरी कार्डावर लिब्रेइलेक ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली चढवा आणि तिच्या अ‍ॅड-ऑनमधून टीव्हीहेडएंड सर्व्हर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. घरातल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता आणि पोर्ट ९९८१ टाकलं, की सेटिंग उघडतं. डीव्हीबी-एस नेटवर्क तयार करा; उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. फ्रिक्वेन्सी शोधत बसू नका. बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेनूत प्रत्येक ट्रान्सपाँडरची (उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या चॅनेलच्या गटाची) फ्रिक्वेन्सी, व्ही (उभं) की एच (आडवं) आणि सिम्बॉल रेट असतो. हे सगळं कागदावर उतरवा, जसंच्या तसं भरा आणि स्कॅन लावा.

रेकॉर्डिंगची जागा हार्ड डिस्कवरच द्या; सतत लिहून मेमरी कार्ड लवकर खराब होतं. आलेला सिग्नल पुन्हा एन्कोड न होता तसाच साठवला जातो, त्यामुळे पायवर भार पडत नाही. ३ मेगाबिट प्रतिसेकंद धरले तर तासाला १.३५ जीबी लागते. एकाच ट्रान्सपाँडरवरचे दोन-तीन चॅनेल एका ट्यूनरने एकदम रेकॉर्ड होतात, ही मोठीच सोय. वेळ लावताना आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची ठेवा.

पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि इंटरनेट बंद असलं, तर वेळ चुकते आणि रेकॉर्डिंग हुकतं. म्हणून पाय, ट्यूनर आणि राउटर एकाच यूपीएसवर ठेवा, नाहीतर पायला आरटीसी मॉड्यूल, म्हणजे बॅटरीवरचं छोटं घड्याळ, जोडा.