घड्याळ झाकून वेळेवर पोचायचं: मोटरबोटीची अंदाजी वेळेची स्पर्धा कशी खेळावी

या स्पर्धेत पहिला कोण पोचला याला काडीची किंमत नाही. निघण्यापूर्वी कागदावर लिहून द्यायचं की पहिल्या खुणेला किती वेळात पोचणार, दुसरीला किती, शेवटी किती. मग घड्याळ, मोबाइल, जीपीएस सगळं झाकायचं. हाताशी राहतात नकाशा, होकायंत्र आणि इंजिनाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) दाखवणारा टॅकोमीटर. बोटीत बसलेला निरीक्षक प्रत्येक खुणेची खरी वेळ टिपतो आणि ज्याची चूक सर्वांत कमी, तो जिंकतो. अमेरिका-कॅनडात हा खेळ ‘प्रेडिक्टेड लॉग’ म्हणून चालतो. नॉर्थ अमेरिकन क्रूझर असोसिएशन ही त्यांची संघटना. आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या फुगवट्यावर तीन-चार बोटी जमल्या तरी तो खेळता येतो. भरती-ओहोटीचं लचांड नसल्यामुळे शिकायला धरण समुद्रापेक्षा बरंच.

परवानगी, लाइफ जॅकेट, पुरेसं पेट्रोल हे सांगायला नको. लहान आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाला) टॅकोमीटर नसेल तर स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा मिळतो, तो घ्या.

मार्ग आखायला चार-पाच खुणा पुरतात. अंतर उपग्रह नकाशावर मोजा, पण स्पर्धेच्या आठवड्यातलं पाणी डोळ्यांसमोर ठेवून. हिडकलचं पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, आणि दिवाळीत पाण्याला लागून असलेली तुमची खूण तोवर लांब कोरड्यात गेलेली असते.

आता खरं काम: आरपीएम आणि वेगाचा तक्ता. माझी सगळ्यांत जास्त खटपट याच टप्प्यावर झाली आणि सगळ्यांत भिकार सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. ‘कंपनीच्या पुस्तकातला तक्ता वापर’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तो तक्ता दुसऱ्या बोटीवर, दुसऱ्या पंख्यावर, दुसऱ्या वजनावर काढलेला असतो. ‘जीपीएसवर एकदा वेग बघून घे’ हाही तसलाच सल्ला. एका दिशेला जाताना दिसलेल्या आकड्यात वारा आणि प्रवाह दोन्ही मिसळलेले असतात.

काठावर बरोबर १ किलोमीटरचा सरळ पट्टा निवडा. दोन्ही टोकांना एकामागे एक अशा दोन-दोन खुणा हव्यात: पुढे रोवलेली काठी, मागे एखादं ठळक झाड. दोन्ही एका रेषेत आल्या त्या क्षणी घड्याळ दाबायचं. एकाच खुणेवर ‘आली बहुतेक’ म्हणून दाबलेली वेळ फेकून द्या. पट्ट्याच्या तीनेकशे मीटर आधीच आरपीएम ठरवलेल्या आकड्यावर स्थिर करा आणि मग थ्रॉटलला (वेग कमी-जास्त करायच्या दांड्याला) हात लावू नका. दुसरं टोक गाठलं की लांबचा वळसा घ्या, वेग पुन्हा स्थिर होऊ द्या आणि त्याच आरपीएमवर लगेच उलटे या. अर्ध्या तासाने आलात तर वारा बदललेला असतो, जोडी वाया.

इथे जवळजवळ प्रत्येक जण घसरतो. समजा कुडचीजवळ कृष्णेत प्रवाहाबरोबर जाताना ६ मिनिटं लागली आणि उलट येताना १०. लोक वेळेची सरासरी काढतात: ८ मिनिटं, म्हणजे ताशी ७.५ किमी. हे साफ चूक. आधी दोन्ही वेग काढा, ताशी १० आणि ताशी ६, आणि मग त्यांची सरासरी: ताशी ८ किमी. हाच बोटीचा पाण्यातला खरा वेग. दोन वेगांतला निम्मा फरक, म्हणजे ताशी २ किमी, हा प्रवाह. साचलेल्या पाण्यातल्या ४ किमीच्या टप्प्याला ८ च्या वेगाने ३० मिनिटं येतात आणि ७.५ ने ३२. मुरलेले खेळाडू एकूण चूक १ टक्क्याच्या आत ठेवतात. तुम्ही दोन मिनिटं कागदावरच घालवून बसता.

प्रत्येक आरपीएमला अशा निदान दोन जोड्या घ्या. जुळल्या नाहीत तर तिसरी. चाचणी सकाळीच करा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वारं उठतं आणि वळीव आला तर सगळं मुसळ केरात. चाचणीला जितकी माणसं आणि जितकं पेट्रोल, तितकंच स्पर्धेला हवं. ऐनवेळी पाहुणा चढवू नका, कितीही जवळचा असो.

स्पर्धेसाठी वेग निवडताना बोट नाक वर करून धडपडते तो मधला पट्टा टाळा. तिथे आरपीएम किंचित हलला तरी वेग भलताच बदलतो. त्याच्या बराच खाली राहा, नाहीतर बोट पूर्ण पाण्यावर उठल्यावर चालवा.

टप्प्याची वेळ काढायला अंतर गुणिले ६०, भागिले वेग. वळणाला लागणारे जादा सेकंद वेगळे मोजून त्यात धरा. नदीत मधोमध ओढ जास्त, काठाला कमी, म्हणून चाचणी ज्या रांगेत केली त्याच रांगेत बोट ठेवा.

सुकाणू सरळ धरा. दोन्ही बाजूंना १० अंश नागमोडी गेलात तर अंतर दीड टक्क्याने वाढतं. ‘उशीर झालासा वाटतोय’ म्हणून थ्रॉटल वाढवायचा नाही. वाटण्यावर चालवायचं असतं तर तक्ता कशाला केला?

गुण काढताना लवकर आणि उशिरा एकमेकांत वळते होत नाहीत. सगळ्या चुकांची बेरीज करून एकूण वेळेशी टक्केवारी काढतात. घरी मात्र अधिक-उणे चिन्हं ठेवूनच चुका लिहा. सगळ्या टप्प्यांवर उशीरच झाला असेल तर तक्ता पुन्हा करा; कुठे लवकर, कुठे उशिरा असेल तर वळणं आणि सुकाणू तपासा.