यॉर्क वखारीची रोजकीर्द वाचायची कशी

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाची रोजकीर्द मी ३१ वर्षं लिहिली. निवृत्त झाल्यावर मुलाकडे विनिपेगला आलो. पहिल्या हिवाळ्यात दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, तेव्हा हडसन्स बे कंपनीच्या, म्हणजे कॅनडात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या जुन्या इंग्रज कंपनीच्या, वह्यांचा नाद लागला. कंपनीची दुकानं २०२५ मध्ये कायमची बंद झाली; दप्तर मात्र इथेच, मॅनिटोबाच्या अभिलेखागारात आहे. त्याच्या मायक्रोफिल्मची बरीचशी रिळं घरबसल्या फुकट पाहता येतात. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. हिशेब वाचता येतो, तेवढ्यावर भागतं.

आधी नावाचा घोळ मिटवा. यॉर्क फॅक्टरी ही याच कंपनीची हडसन उपसागराकाठची वखार; तिथे काही बनत नव्हतं. शिवाजी महाराजांनी १६६१ साली राजापूरची इंग्रजांची वखार लुटली, ती ज्या अर्थाने ‘फॅक्टरी’ होती त्याच अर्थाने हीसुद्धा. माल उतरवायचा, साठवायचा, अदलाबदल करायची. कंपनीला सनद मिळाली २ मे १६७० ला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर गेले. एवढं मनात ठेवलं की काळ परका वाटत नाही. ही वखार हेज नदीच्या मुखाजवळ १६८४ साली बसली आणि १९५७ मध्ये बंद झाली.

आता वही शोधा. वखारींची कागदपत्रं ‘बी’ विभागात आहेत आणि यॉर्कचा क्रमांक २३९. पुढचं अक्षर वहीचा प्रकार सांगतं: ‘ए’ म्हणजे रोजनिशी, ‘बी’ पत्रव्यवहार, ‘डी’ हिशेबाच्या वह्या, ‘ई’ जिल्ह्याचे अहवाल. नवख्या माणसाने थेट ‘डी’ला हात घालू नये. ‘ए’मधला एकच हिवाळा घ्या आणि तोच पुरता वाचा. यॉर्कच्या रोजनिश्या १७१४ पासून सुरू होतात, कारण त्याआधी १६९७ पासून वखार फ्रेंचांकडे होती. कंपनीच्या जेम्स नाइटने ती परत ताब्यात घेतली.

अक्षराला घाबरू नका. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना युक्ती ठाऊक असेल: ओळखीचे शब्द आधी पकडायचे आणि त्यांवरून लिहिणाऱ्याची वळणं शिकायची. इथे ओळखीची गोष्ट म्हणजे हवामान. बहुतेक नोंदी वाऱ्याची दिशा आणि थंडी सांगून सुरू होतात, मग कोण काय करतोय: सुतार कुठे, लाकूडतोडे कुठे, क्री (तिथले मूळ रहिवासी) शिकाऱ्यांनी किती हंस आणले. लांबट ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. ‘वाय’ आणि ‘ई’ जोडून लिहिलेला छोटा शब्द दिसला की तो ‘द’ वाचायचा. आठवडाभर हे केलंत की हात बसतो.

तारखांनी मात्र मला चांगलंच फसवलं. इंग्रजांनी १७५२ साली पंचांग बदललं, तोवर त्यांचं वर्ष २५ मार्चला उजाडायचं. म्हणून तेव्हाच्या वहीत जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींवर मागचं वर्ष असू शकतं. पुढच्या काळात ‘आउटफिट’ हा शब्द येईल. ते कंपनीचं हिशेबी वर्ष, १ जून ते ३१ मे. आउटफिट १८५० मधला मार्च महिना १८५१ चा असतो. आपल्याकडे दिवाळी पाडव्याला वही बदलते, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटू नये. मला तरीही दोन दिवस लागले.

आणि आता माझ्या आवडीचा भाग. इथे रुपया-पौंड नव्हे, ‘मेड बीव्हर’ चालतं, म्हणजे हिवाळ्यात मारलेल्या बीव्हरचं (नदी-तळ्यात राहणारा दाट केसांचा प्राणी) एक चांगलं कातडं. बंदूक, किटली, दारू, घोंगडी सगळ्यांची किंमत त्यातच. कंपनीच्याच ऑल्बनी वखारीत १७३३ साली एका बीव्हरला दीड पौंड बंदुकीची दारू असा दर होता. पण हा दर लंडनने ठरवलेला. प्रत्यक्षात वखारवाला माप थोडं कमी भरायचा, आणि वर्षअखेर कातडी दरापेक्षा जास्त जमायची. या वाढीला ‘ओव्हरप्लस’ म्हणत आणि ती हिशेबात उघड दाखवत. वाचता वाचता मला हसू फुटलं. आमच्याकडे पोत्यामागे कडता कापायचे, तोच हा प्रकार, फक्त बर्फातला! तेव्हा ‘डी’ची वही उघडलीत की दर आणि जमा शेजारी ठेवून फरक काढा. त्यातूनच क्री पुढाऱ्यांच्या नजराण्यांचाही खर्च भागायचा, त्यामुळे सगळी लबाडीच असंही समजू नका. कातड्यांत ‘कोट’ आणि ‘पार्चमेंट’ असे दोन प्रकार दिसतील. कोट म्हणजे लोकांनी अंगावर वापरलेलं, राठ केस झडून गेलेलं कातडं. टोपीच्या नमद्याला ते चांगलं. पार्चमेंट म्हणजे न वापरलेलं, नुसतं वाळवलेलं.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम: वहीत ज्याला नाव नाही त्याला शोधणं. नाइटच्या रोजनिशीत एक डेने बाई वारंवार येते; डेने म्हणजे क्रींच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी. क्रींच्या कैदेतून सुटून ती १७१४ च्या नोव्हेंबरात वखारीत आली. १७१५ च्या जूनमध्ये कंपनीचा माणूस विल्यम स्ट्युअर्ट आणि क्रींबरोबर उत्तरेला निघाली आणि पुढच्या मेमध्ये आपल्या लोकांना घेऊन परतली. क्री आणि डेने यांच्यात तह घडवला तो तिने. वही तिला ‘गुलाम बाई’ म्हणते. थानाडेल्थर हे नाव डेने लोकांनी तोंडी सांगत जपलं, म्हणून आपल्याला माहीत. ते नाव टाकून रोजनिशीत शोधत बसाल तर काही सापडणार नाही. ५ फेब्रुवारी १७१७ ला ती वारली. पण पंचांगाची गोष्ट आठवा आणि पान १७१६ च्या वहीत शोधा.